देवळासमोर वाचलेली दुधाची यादी

सोनारी, ता. परंडा
९ जानेवारी १९६३

श्री. वसंतराव यांस,

अंबादासचा शिरसाष्टांग नमस्कार. थंडीनं तुमचा खोकला बळावला नाही ना? इथं आम्ही सगळे खुशाल आहोत. अब्रू तेवढी मी स्वतःच्या हातानं घालवली, ती हकीकत कळवतो.

गेल्या महिन्यात तालुक्याहून आमच्या शाळेत दूधभुकटी आली. गरीब घरची लहान मुलं आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांना ती फुकट वाटायची होती. घरोघर हिंडून मी अडुसष्ट पात्र नावांची यादी केली (अक्षर माझं सुरेख, हे तुम्ही जाणताच). तिथंच थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण कुणी वंचित राहू नये म्हणून रविवारी, भैरवनाथाच्या देवळासमोर भरगर्दीत, मी ती खणखणीत आवाजात वाचली. बापाच्या नावासकट, आणि वरचा 'गरीब कुटुंबे' हा मथळा दोनदा.

दुसऱ्या दिवशी अडुसष्टांपैकी आले दोन. यादीबाहेरचे चार आले, त्यांत पाटलांचा गडी, हे एवढं पातेलं घेऊन (नाव वगळल्याचा पाटलांना राग!). मग कोंडीराम आला. तीन एकर मुरमाड रान, पण माणूस मानी.

"गुरुजी, पोरीला बघाया आल्याले पाव्हणे देवळात हुते. त्यांच्या म्होरं तुमी मला भिकारी केलं. सोयरीक मोडली."

मला रात्रभर... खरं सांगायचं तर जेवणही गेलं नाही. सकाळीच उठून चार कोस चालत त्या पाहुण्यांच्या गावी गेलो आणि यादी करणारा मास्तर अर्धवट आहे, असं शपथेवर सांगितलं. त्यांना ते ताबडतोब पटलं. सोयरीक जुळली.

शेवटी शाळेत दूध कालवणाऱ्या सारजाबाईनं मला शिकवलं. "यादी चुलीत घाला, गुरुजी. समद्यांलाच द्या. पाटलाचा नातू बी पिऊ द्या, मग कुणाला लाज?" तसं केलं. आता अडुसष्टांपैकी एकसष्ट जण येतात. अपात्रांना दूध पाजल्याबद्दल वरून खुलासा मागवलाय, तो लिहितोय.

आपला,
अंबादास

ता. क. एक नाव मी यादीत घातलंच नव्हतं, तुमच्या बहिणीचं. मूल तीन महिन्यांचं, माझा पगार हा असा. नियमानं ती पात्रच. पण मास्तरांची बायको रांगेत कशी, म्हणून माझाच हात अडखळला. आता सगळ्यांनाच मिळतं, तरी ती शाळेकडं फिरकत नाही. फार वाळलीय हो. 'आमच्याकडं तुळजापुरातही सगळे हेच दूध पितात' असं तिला लिहाल का? खोटं आहे, पण पाप माझ्या माथी.

दादा, पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडंच दिलं. पंधरा दिवस झाले, सारजाबाईच्या हातून मी दूध आणवते. यांना सांगितलं नाही. यांना लाज वाटली असती.
— शारदा