राबातला धूर

जव्हार, २४ एप्रिल २०२५

ती. गोकुळदादास,
रोहिणीचा शि. सा. न. वि. वि.

वांगणीत तुझा फोन कधी लागतच नाही, म्हणून चिठ्ठी जीपवाल्या रघुजवळ देते आहे. बाजारातलं कोणतं प्लास्टिक आधी बंद करायचं, ते ठरवण्याचं लोढणं नगरपरिषदेच्या कचेरीनं माझ्या गळ्यात घातलंय. मी तीन कसोट्या धरल्यात: एकदा वापरून फेकतात का, त्याऐवजी दुसरं चालतं का, भंगारवाला घेतो का. त्या हिशेबानं भातलावणीच्या बायका पावसात डोक्यावरून घेतात ती पातळ खोळही जाते. इरलं आहेच की! तुझं मत कळव. मागे मी पाड्यावर प्लास्टिक गोळा करा म्हणून सांगून गेले, त्याचं काय झालं? पुष्पलतावहिनीस नमस्कार. माया आहे, ती आटू देऊ नकोस.

तुझी रोहिणी


वांगणी, २ मे

चि. रोहिणीस अनेक आशीर्वाद.

साहेबीणबाई, इरलं काय झाडाला लागतं? कामट्या आणि पळसाची पानं आणून ते विणणारी एक पोशीआत्या उरली, आणि तिला आता दिसत नाही. खोळ बंद केलीस तर तुझी वहिनी भिजत लावणी करणार. दुसरं चालतं का, हे कचेरीत बसून ठरवू नकोस.

बाकी तुझ्या भाषणाचा गुण आला हो! नाल्यात आता एक पिशवी दिसत नाही. पुष्पलतानं घरोघर फिरून पुड्या, पिशव्या, फाटक्या खोळी गोळा केल्या आणि राबात घातल्या. रोपासाठी शेणपाला जाळतो, त्यातच. राब राखायला ती दिवसभर धुराजवळ होती, तेव्हापासून खोकते आहे. आल्याचा काढा चालू आहे. काळजी नसावी. येत जा, ओढ ठेव.

तुझा दादा


जव्हार, ४ मे

दादा,

मायना लिहायलाही हात चालत नाही. काढा पुरे. याच जीपनं वहिनीला इथल्या दवाखान्यात आण. तो धूर विषारी असतो. इथे कचऱ्याची गाडी दारात येते, म्हणून 'गोळा करा' म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे गाडीच होती. वांगणीत वाढलेल्या मला तिथे गाडी येत नाही हे सुचू नये? फेकल्यावर ते जातं कुठं, ही कसोटी मी धरलीच नाही. माझा जीव थाऱ्यावर नाही. लवकर निघा.

रोहिणी


वांगणी, २९ मे

चि. रोहिणीस अनेक आशीर्वाद.

वहिनीला घेऊन सुखरूप पोचलो. तू दवाखान्यात तिच्या उशाशी बसलीस, ते ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. पण चार पावलं चालली की धाप लागते. डॉक्टरांनी चूल आणि लावणी दोन्ही बंद केल्या. तू बंदीच्या यादीतून खोळ वाचवलीस खरी, पण तिची यंदा खुंटीलाच राहणार. मला फार भीती वाटते गं.

पाड्यावरच्या बायकांनी पुन्हा पुड्या-पिशव्या गोळा करून आमच्या ओटीवर गोणी आणून ठेवली आहे. पुष्पलता ती जाळू देत नाही, नाल्यात टाकू देत नाही. रोहिणीताईंनी सांगितलं तसं गोळा केलं, आता हे कुठं न्यायचं, एवढंच रोज विचारते. सोमवारी रघु येईल, त्याच्याजवळ उत्तर दे. आमच्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझा दादा गोकुळ