बोटीवरची दिवेलागण

आई, गेल्या महिन्यात मी बोट पाहिली. खरी नव्हे, टीव्हीवर. तुझा नातू अमेरिकेहून बायकोमुलांना घेऊन आला होता. तिकडे ते सगळे मिळून बोटीच्या सहलीला गेले होते आणि तिची कॅसेट त्यानं मला दाखवायला आणली होती. टीव्ही आपल्याकडे आहे, पण कॅसेट लावायचं यंत्र नाही, म्हणून ते एका दिवसाच्या भाड्यानं आणलं. यंत्र आलं म्हटल्यावर सिनेमा असेल असं समजून गल्लीतल्या बायका जमल्या. सिनेमा नाही, बोट आहे, हे कळल्यावरही त्या उठल्या नाहीत. यातलं तुला काहीच माहीत नाही. तू गेलीस तेव्हा हा चौथीत होता, आणि घरात आवाज करणारी वस्तू म्हणजे एक शिवणाचं मशीन होतं.

ती बोट पांढरीशुभ्र होती, नवीन बांधलेल्या इस्पितळासारखी, आणि तितकीच चौकोनी. समुद्रात बोट आणि बोटीवर पोहण्याचा तलाव. घसरगुंडी, आईस्क्रीम, अस्वलाचं सोंग घेऊन मुलांशी हात मिळवणारा एक माणूस. सगळे चड्ड्या घालून उन्हात लोळतायत. मुलगा एकेक दाखवत होता आणि म्हणाला, "आई, ह्यात पहिला वर्ग, दुसरा वर्ग असलं काही नाही. सगळ्यांना सारखं." सून म्हणाली, "आणि इंजिनचा आवाजच येत नाही. आपण बोटीवर आहोत हे कळतसुद्धा नाही." मला तेव्हाच तुझी आठवण झाली.

आपल्या शेजारची बाई तुला आठवेल. तेव्हा नवी सून होती, आता आजी झाली आहे. तिच्या घरच्या म्हशी अजून गंगावेशीच्या कट्ट्यावर धार काढायला उभ्या असतात आणि तिचा आवाज अजून गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. तिनं विचारलं, "ही बोट निघाली कुठनं?"

"फ्लोरिडातून, मावशी."

"आणि गेली कुठं?"

"कुठं म्हणजे, मधे एका बेटावर थांबते. मग परत फ्लोरिडा."

"म्हंजी जिथनं निघाली तिथंच आली? अरं, मग रंकाळ्याला फेरी मारल्यागत झालं की! त्येला एवढं इमानातनं जायाचं, बोटीत बसायचं, आणि उतरायचं व्हतं तिथंच?"

सगळ्या हसल्या. मुलगाही हसला. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला की पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जायचं आहे आणि या वेळी मला घेऊन. सूनही मनापासून म्हणाली, "चला ना आई. मुलांना तुमची सोबत होईल. आम्हालाही संध्याकाळी जरा मोकळं बसता येईल." शेजारणीनं ते बरोबर पकडलं. "असं व्हय! म्हंजी आया पायजे म्हना की तुमास्नी! तकडं आया लई म्हाग असंल, मग हितनंच न्यायची." सुनेचा चेहरा उतरला. मुलगा म्हणाला, "काय मावशी तुम्ही!" शेजारणीच्या मनात काही वाईट नव्हतं. तू बोटीवर आया होतीस, हे तिला माहीत नाही. गल्लीत कुणालाच नाही. मुलालाही मी नीट कधी सांगितलं नव्हतं. मी चहा ठेवायला उठले आणि पातेल्यात पाणी ओतून तशीच उभी राहिले.

तुझी बोट मी पाहिली नाही. तू सांगितलीस तेवढीच. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तू लाईन बाजाराकडच्या बंगल्यात इंजिनियर साहेबाची मुलं सांभाळत होतीस. मडम मुलांना घेऊन विलायतेला निघाली, वाटेत मुलांना बघायला माणूस हवं, म्हणून तुला घेतलं. होळी झाल्यावर तू गेलीस आणि नवरात्रात परत आलीस. मी आठ वर्षांची. मला तू गडमुडशिंगीला मावशीकडे ठेवलंस. निघायच्या दिवशी मावशीच्या सोप्यात मी तुझ्या लुगड्याला धरून बसले, तर तू हात सोडवलास आणि म्हणालीस, "रडू नगंस. रडून पोट भरतंय व्हय?" नंतर मात्र खाली बसलीस. "हे बघ. सांजंला मावशीनं दिवा लावला की तू शुभंकरोती म्हणायचं. मी बी बोटीवर तवाच म्हणतो. म्हंजी दोघीबी एकदमच म्हणालो की न्हाय? मग लांब कुठं ऱ्हायलो?"

मी ते किती खरं मानलं होतं, तुला माहीत नाही. मावशी रानातून यायला उशीर करायची. अंधार पडत आला की मी चुलीपाशी काडेपेटी घेऊन बसायची, कारण मला वाटायचं की आपण मागं राहिलो तर तिकडे आई एकटीच म्हणून मोकळी होईल. दिवा लागला की मी मोठ्यानं म्हणायची. मधे एखादी ओळ थांबून ऐकायची. मावशीचा दीर हसायचा, "काय गं, आईचा आवाज आला का?" मी आला म्हणायची. आणि येत होता, आई.

तू परत आलीस तेव्हा अंगाला वेगळ्याच साबणाचा वास होता. रात्री मला थोपटायला लागलीस तर थोपटणंसुद्धा बदललेलं. आधी कसंही थोपटायचीस. आता दोन जड, एक हलकं, दोन जड, एक हलकं, न चुकता. मी विचारलं तर म्हणालीस, "बोटीचं मशीन असंच चालतंय. दिवसरात. जमिनीवर निजलं की पाठीला लागायचं. ती पोरं त्येच्याच तालावर निजायची, हाताला सवय झाली." त्या पोरांचा मला इतका राग आला की मी तुझा हात ढकलला. पण पुढं माझ्या मुलाला मी त्याच तालावर थोपटलं, आणि या खेपेला त्याच्या मुलीलाही. सुनेच्या बोटीला आवाज नाही म्हणतात. तुझी बोट अजून माझ्या हातात चालते.

मग रोज थोडी थोडी बोट सांगायचीस. खाली काळी, वर पांढरी, उंच धुराडी. सगळ्यात वर मोठे साहेब, त्यांच्या खाली लहान साहेब, आणि पार खाली भट्टीपाशी आपल्यासारखी माणसं, ज्यांना दिवसच दिसायचा नाही. तू मुलांच्या खोलीत दाराजवळ जमिनीवर झोपायचीस. पोर कडेवर असलं की तुला सगळी दारं उघडी, वरच्या मजल्यावरसुद्धा, जिथं बॅण्ड वाजायचा. पोर कडेवर नसलं की जिन्यातच माणूस अडवायचा. म्हणून वारा खायचा असला तरी तू झोपलेलं पोर उचलून न्यायचीस. हे तू हसत सांगायचीस. कालवा सांगायचीस, दोन्ही बाजूला वाळू आणि मधनं एवढी मोठी बोट, उसाच्या सरीतनं पाणी जावं तशी. दिवा लावायला बंदी होती हेही सांगितलंस. "काडी वडाय द्यायची न्हाईत. मग भिंतीतला इजेचा दिवा व्हता, त्येलाच हात जोडायचो. मडम म्हणायची, आया, बल्बला काय नमस्कार करतीस?" आणि सगळ्यात गंमत म्हणून सांगायचीस ती घड्याळाची. जाताना बोटीवर रोज रात्री घड्याळं थोडी मागं सारायचे. "रोज घड्याळातला थोडा थोडा येळ चोरायची बघ ती माणसं." मीही हसायची.

पुढं माझं लग्न झालं. ह्यांनी मला वाचायला लावलं, म्हणजे लावलं असंही नाही, वाचनालयातनं स्वतःसाठी पुस्तकं आणायचे ती मी दुपारी उघडायला लागले. तिसरीतनं सुटलेली शाळा मी अशी एकटीनं भरून काढली. आता हे नाहीत, तर त्यांच्या कार्डावर मीच पुस्तकं आणते. तू गेल्यानंतरची गोष्ट. मुलांसाठी लिहिलेलं भूगोलाचं एक पुस्तक हाती आलं. पृथ्वी फिरते, पश्चिमेकडे जावं तसतसा सूर्य उशिरा मावळतो, म्हणून बोटीवर घड्याळं मागं करतात. दोनदा वाचलं. मग पुस्तक पालथं ठेवलं. मी मुडशिंगीला दिवा लावून हात जोडत होते तेव्हा तुझ्या बोटीवर लख्ख ऊन होतं. तुझी संध्याकाळ होईतो मी जेवून निजलेली. एक दिवसही आपण दोघींनी एकदम म्हटलं नव्हतं. आणि वेळ चोरतात हे तर तुला माहीत होतं, तूच सांगायचीस. मग तुला हे कळलं होतं का? कळलं असेल तर मला सांगितलं का नाहीस? विचारायला तू नव्हतीस. वीस वर्षं हा प्रश्न मी असाच ठेवला आहे.

व्हीसीआरच्या दिवशी, सगळ्या बायका गेल्यावर, मी मुलाला म्हटलं, ती बोट पुन्हा लाव. एके ठिकाणी मुलं बोळातून पळत जातात आणि भिंतीला चिकटून एक सावळी बाई उभी आहे, हातात टॉवेलांचा ढीग, मुलांना वाट देत. मुलगा ते पुढं पळवायला लागला तेव्हा मी म्हटलं, थांब. "कोण आहे, आई? तिथं काम करते ती." मी म्हटलं, काही नाही. सगळ्यांना सारखं असलेल्या बोटीवरसुद्धा भिंतीला चिकटणारी एक बाई होतीच. मग मी त्याला तुझं सगळं सांगितलं, दारापाशी झोपायचीस ते, बल्बला हात जोडायचीस ते. त्यानं यंत्र बंद केलं. नंतर म्हणाला, "आई, तू आया म्हणून नाही यायचंस. तू नुसती बस."

त्याला कसं सांगू की नुसतं बसणंच मला नको आहे. ते मी इथं करतेच. शेजारीण रंकाळ्याच्या फेरीला हसली, पण मी ती फेरी रोज मारते. संध्या मठापासून निघते, तळ्याच्या कडेनं जाते, परत येते आणि कुलूप काढते. जिथनं निघाले तिथंच उतरते. तुझ्या बोटीवर वाईट काय नि चांगलं काय ते असो, प्रत्येक जण कुठंतरी पोचत होता आणि तुझी तिथं कुणाला तरी गरज होती. या नव्या बोटीला कुठं जायचं नाही. पण तिच्यावर माझी नात असेल, परक्याचं पोर नाही. तिला मी दोन जड, एक हलकं थोपटीन. मग कुणी मला आया म्हणालं तर म्हणू दे.

नात सात वर्षांची आहे. सुट्टीभर ती माझ्याबरोबर देवापाशी बसायची. शुभंकरोती तिला पाठ झालं, पण 'शत्रुबुद्धि' म्हणताना जीभ अडखळते आणि तिला स्वतःलाच हसू येतं. निघायच्या दिवशी गाडी दारात उभी होती, तिचा बाप बॅगा चढवत होता, आणि ती माझ्या पदराला धरून म्हणाली, "आजी, तू रोज दिवा लावलास की मी पण म्हणणार हां. सेम टाइम." मुलाचा हात बॅगेवर थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की माझी दिवेलागण होते तेव्हा तिकडे ती शाळेला निघालेली असते. मी म्हटलं, "व्हय. सेम टाइम." पटकन तोंडातून व्हय आलं, तुझ्यासारखं. ती म्हणाली, "आणि बोटीवर आलीस की एकाच खोलीत म्हणू."

गाडी गेली आणि मी उंबऱ्यावर बसले. तुला माहीत होतं, आई. पहिल्याच आठवड्यात कळलं असणार तुला. तरी त्या बल्बला तू हात जोडत राहिलीस आणि मला काही बोलली नाहीस. आता मी तुला विचारणार नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तू असतीस तरी टाकलं नसतं. तुला वाचता येत नव्हतं, कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि यातलं काही दुसऱ्याच्या तोंडून तुझ्या कानावर जावं असं मला वाटत नाही. दिवा लावून झाला आहे. घरी फोन नाही, म्हणून दर रविवारी गल्लीतल्या डॉक्टरांकडे मुलाचा फोन येतो. "आई, काय ठरवलंस? येतेस ना?" मी म्हणते, गुडघे दुखतात, बघू. तो म्हणतो, अगं चल की, नात रोज विचारते, तिकडं चाकाची खुर्ची मिळते, मी आहे ना. मी म्हणते, बघू. डॉक्टरीणबाई खुणेनं म्हणतात, हो म्हणा की आता. त्यांना माहीत नाही की पासपोर्टसाठी फोटो मी केव्हाच काढून आणलेत आणि ते देवांच्या तसबिरीमागं ठेवलेत. जाणार आहेच मी. पण एकदा हो म्हटलं की तो फक्त तारखा विचारेल. हे गेल्यापासून मला कुणी कशासाठी आग्रह केलेला नाही. म्हणून आणखी एखादा रविवार बघू म्हणते.