साठ दिवस, शनिवार-रविवार सोडून

८ सप्टेंबर, सोमवार
सगळ्यांची तब्येत विचारून मगच लिहायला बसलो. बायकोचा, आर्डिसचा, खोकला थांबला. मफिनचा कान बरा, कुत्रं पुन्हा पोस्टमनवर भुंकतंय. माझा गुडघा आहे तसाच. शेजारच्या डेलोरिसचं मात्र वाईट. बटाट्याच्या कारखान्यात तीस वर्षं पोती उचलून पाठ गेली, आणि अपंगत्वाच्या पेन्शनला सरकारचा शेवटचा नकार आज आला. साठ दिवसांत फेडरल कोर्टात दाद मागायची, नाहीतर विषय संपला. पत्र मी ठेवून घेतलं. म्हटलं, माझ्यावर सोड. ती म्हणाली, नक्की ना हार्लन? माझी शिडीही तू अशीच नेली होतीस.

१२ सप्टेंबर
आर्डिसला समजावलं. कुंपणाची भांडणं, घटस्फोट वगैरे राज्याच्या कोर्टात. केंद्र सरकारशी भांडण म्हणजे फेडरल. त्याचे तीन मजले. खाली डिस्ट्रिक्ट कोर्ट, अख्ख्या नॉर्थ डकोटाला एक, आपल्याला बिस्मार्कला. मधे अपिलाचं, सेंट लुईसला. सगळ्यात वर सुप्रीम कोर्टाचे ते नऊ न्यायाधीश. ती म्हणाली, आधी तळमजल्यावर तर जा. लहान विचार. मी नऊ जणांपुढच्या भाषणापासून सुरुवात केली आहे.

२५ सप्टेंबर
चर्चच्या तळघरात कॉफीवर अकरा साक्षीदार जमवले. सगळ्यांनी डेलोरिसची पाठ दुखताना पाहिली आहे. त्यातल्या ऑर्डेलने तर स्वतःचीच पाठ उघडून दाखवली.

३ ऑक्टोबर
अर्ज, पान सतरा. अजून राज्यघटनेवरच आहे. घाई नको. आर्डिस डेलोरिसला घेऊन लायब्ररीत गेली. कादंबऱ्या आणायला असणार. माझ्या टेबलावरचं सरकारी पत्र उलटं पडलेलं. मफिनला रागावलो.

१४ ऑक्टोबर
लायब्ररीतली जोलीन म्हणाली, अशा केसमध्ये साक्षीदार लागत नाहीत हो. न्यायाधीश जुनी फाईल वाचतात, अधिकाऱ्याचं काही चुकलं का, एवढंच बघतात. अकरा जणांना उद्या सांगतो.

१५ ऑक्टोबर
सांगितलं नाही.

२७ ऑक्टोबर
डेलोरिसने कुंपणावरून विचारलं, कुठवर आलं? म्हटलं, जवळजवळ झालंच. ती हसली, कमरेला हात लावून हळूहळू आत गेली. जेवण गोड लागलं नाही. पण मी विचार केला, शनिवार-रविवारी कोर्टच बंद, मग ते दिवस मोजायचे कशाला? डिसेंबर उजाडेपर्यंत वेळ आहे. मग ॲपल पाय खाल्ला. दोन तुकडे.

१० नोव्हेंबर, सोमवार, सकाळी १०
अर्ज पूर्ण! त्रेचाळीस पानं. बिस्मार्कला फोन करतो, पाकिटावर काय लिहायचं ते विचारायला.

१०.२०
क्लार्कबाई गोड बोलल्या. शनिवार-रविवार मोजतात. मुदत शुक्रवारीच संपली. मी विचारलं, रविवारसुद्धा? म्हणाल्या, हो आजोबा, रविवारसुद्धा.

दुपारी ३
डेलोरिसच्या दारापर्यंत दोनदा गेलो. तिसऱ्यांदा शिडी परत ठेवून आलो. तोंड दाखवायची हिंमत नाही. बाईने भरवसा ठेवला आणि मी नऊ न्यायाधीशांना भाषणं देत बसलो. शेवटी शिडीला चिठ्ठी बांधली: मुदत माझ्यामुळे गेली. माफी मागायलाही लाज वाटते.

११ नोव्हेंबर
चिठ्ठीच्या मागेच उत्तर. हार्लन, अर्ज मी तीन ऑक्टोबरलाच पाठवला. जोलीनने फॉर्म दिला, दोन पानांचा. तुझ्या टेबलावरच्या पत्राची आर्डिसने झेरॉक्स काढली. केसला नंबरही पडलाय. तू इतका खुशीत होतास, सांगवेना. शिडीबद्दल आभार. तिची एक पायरी कुठंय?

आर्डिसकडे बघितलं. ती भांडी घासत राहिली.

दिवसभर कुठे तोंड लपवावं कळेना. त्रेचाळीस पानं मफिनच्या टोपलीत अंथरली, तो लगेच झोपला. संध्याकाळी पायरी शोधून काढली, तिला नवी चिठ्ठी बांधली:

डेलोरिस, तळमजल्यावर हरलीस तर सेंट लुईसचं मी बघतो. भाषण पाठ आहे. लवकर दोन ओळी लिही.