बाबांनी माझ्या हातचं घेतलं नाही

हॅझलकोंब, सॉमरसेट
१२ मार्च १६९४

प्रिय जर्व्हेसदादा,

चार वर्षांनी लिहितोय. आधी कोणत्या तोंडानं लिहिणार होतो? जुन्या राजाला हटवून आलेल्या नव्या राजाशी निष्ठेची शपथ घ्या, नाहीतर चर्च सोडा, असा पार्लमेंटचा हुकूम आला, तेव्हा आपण तिघंही पाद्री होतो. तू आणि बाबा नाही म्हणालात. मी हो म्हणालो आणि बाबांच्याच जागी इथला पाद्री झालो.

तू ब्रिस्टलला गेलास, बाबा मात्र इथेच खोगीरवाल्याच्या मागच्या खोलीत राहिले. माझ्या चर्चची घंटा झाली की दार लावून एकटेच जुनी प्रार्थना म्हणायचे, जुन्या राजाचं नाव घेऊन. माझ्यावर रागावले मात्र कधी नाहीत. माझ्या लेकीला, हेस्टरला, मांडीवर घेऊन अक्षरं शिकवायचे. एकदाच म्हणाले, "पार्लमेंटनं शिंप्याला बिशप म्हटलं म्हणून तो बिशप होत नाही, बाळ. ते पद प्रेषितांपासून हातातून हातात आलेलं आहे."

गेल्या आठवड्यात त्यांच्या छातीत कफ साठला. बायकोनं केलेलं सूप आणि आजाऱ्याला पाद्र्यानं द्यायची प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारसाचा प्याला घेऊन मी गेलो. ते म्हणाले, "सूप ठेव. ते दुसरं परत ने."

मी म्हणालो, "बाबा, मला पाद्री करताना माझ्या डोक्यावर ज्यांनी हात ठेवला, ते बिशप तुमचेच होते."

"हो ना. शपथ नाकारली म्हणून त्यांना घराबाहेर काढलं तेव्हा तू कुठे होतास?"

तेव्हा बायको दिवसांत होती, डोक्यावरचं छप्पर जाईल अशी भीती होती. नवा राजा खरा आहे, असं मलाही कधी वाटलं नव्हतं, दादा. हे आजवर कुणालाच बोललो नाही.

मग बाबा म्हणाले, "जर्व्हेसला बोलाव. त्याच्या हातून घेईन."

मी बोलावलं नाही. ब्रिस्टल घोड्यावरून एका दिवसाच्या वाटेवर, तरी तीन दिवस निरोप धाडला नाही. वाटलं, शेवटच्या घटकेला माझ्याच हातून घेतील. रोज प्याला नेला, रोज परत आणला. काल सकाळी ते गेले, प्रभुभोजनाविना.

त्यांना जे हवं होतं ते मी अडवलं. तुझ्याकडे क्षमा मागायची हिंमत नाही. एवढंच मागतो, ये आणि त्यांना माती दे. दफनाची प्रार्थना मी म्हणणार नाही, तू म्हण. चर्चच्या दफनभूमीचं फाटक मी स्वतः उघडेन आणि बाहेर रस्त्यावर उभा राहीन. तू येईपर्यंत त्यांना हलवणार नाही.

तुझाच धाकटा,
ऍम्ब्रोझ