दुसऱ्या चतुर्दशीची पाळी

मी, अंबाजी काळूराम मोकल, वय ६९, निवृत्त (कारखान्यातली गेजेस आणि मीटर दुरुस्त करण्यात एकतीस वर्षे गेली), राहणार मौजे बेलखार, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. काळजाचे तसे नाही. येत्या सोमवारी, दहा तारखेला, त्याचे मुंबईत ऑपरेशन आहे. डॉक्टर "काही होत नाही" म्हणाले, पण ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला आवडला नाही. हे पत्र लिहायला माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझा मुलगा दिपेश गेले दोन महिने दडपण आणतो आहे, पण ते याच्या नेमके उलट लिहावे म्हणून.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुन्हा करायला सवड मिळेल असे वाटत नाही, तेव्हा हेच खरे धरावे.

कलम १. राहते घर आणि मागची वाडी पत्नी रंगूबाई हिला. ती आहे तोवर तिला कोणी "आई, आता आमच्याकडे चल" म्हणत घरातून हलवू नये. तिच्यामागे दिपेश आणि मुलगी कल्पिता यांनी समान वाटून घ्यावे. बँकेत जे काही असेल तेही रंगूचे. तिने ते कशावर खर्च करावे हे सांगायची माझी हिंमत जिवंतपणी झाली नाही, आता कशाला करू?

कलम २. बाहेरकाठ्यालगतची, म्हणजे खाडीच्या बांधालगतची, भातजमीन दिपेशला. अट एकच, तिच्यात भराव टाकायचा नाही. दिपेशच्या गाड्या चालतात, त्याचे माती-मुरूमवाल्यांशी बरे आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. भराव पडला की पाणी शेजाऱ्याच्या शेतात जाते आणि शेजारी आपल्याला शिव्या घालतो, त्या मला वर ऐकू येतील.

कलम ३. सोल्डरिंगचा संच, दोन्ही मल्टिमीटर आणि तारांची पेटी गावच्या शाळेला. फावडे आणि घमेले दिपेशला. त्याने ते हातात धरलेले मी पाहिलेले नाही, निदान घरात दिसत राहील.

कलम ४. माझी बांबूची शिडी चुलतभाऊ येसाजी याच्याकडे नऊ वर्षे आहे. "नेतो रं उद्या" म्हणत ठेवून घेतली आहे. ती त्याने आता ठेवूनच घ्यावी. माझी त्याच्याबद्दल दुसरी तक्रार होती ती मी मागे घेतो, कारण कलम ६ वाचल्यावर त्याची माझ्याबद्दल जास्त मोठी तक्रार असेल.

कलम ५. 'राखण' या प्रोग्रामबद्दल.

आमचे गाव खाडीच्या पातळीखाली आहे. खारे पाणी बाहेर ठेवते ते मातीचा बांध, बाहेरकाठा. उधाणाच्या पाच तिथ्या, त्रयोदशीपासून द्वितीयेपर्यंत, बांधावर राखण लागते. प्रत्येक तिथी काही घरांना वाटून दिलेली आहे, त्यांतले एक घर आळीपाळीने जाते. ज्याची पाळी त्याने भरतीच्या वेळी बांधावर उभे राहायचे. कुठे पाझर दिसला तर हाळी द्यायची, मग सारा गाव फावडी घेऊन धावतो. बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटून पाणी आत शिरले, तर भात जातो, आणि मीठ मुरलेल्या जमिनीत पुढची तीन वर्षेही काही होत नाही.

तिथी कोणती हे आदल्या दिवशी देवळाच्या पायरीवरून मोठ्याने सांगितले जाई. पंचांग सगळ्यांसमोर उघडायचे आणि वाचायचे. वाचणारा चुकला तर खालून चारजण ओरडत, "ओ, नीट बगा, उद्या पन चतुर्दशीच हाय!" मग तो दुरुस्त करी. मला ती आरडाओरड मागासलेपणाची वाटे. मी २०१७ साली खाडीत पाण्याची उंची मोजणारे यंत्र बसवले, प्रोग्राम लिहिला, आणि ज्याची पाळी त्याचा फोन वाजेल अशी सोय केली. ग्रामसभेने ठराव केला की यापुढे ज्याचा फोन वाजेल तोच बांधावर जाईल. पायरीवरचे वाचन बंद झाले. गावाने मला शाल दिली. ती मी फार मिरवली.

कल्पिता पुण्याला संगणकाचेच काम करते. ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती, "बाबा, कोड उघडा ठेवा. बांध गावाचा आहे, तर राखणीचे गणित तुमच्या एकट्याच्या लॅपटॉपमध्ये बंद का?" मी म्हणायचो, "उघडं टाकलं की कोनीबी येऊन घंटा वाजवंल. शेजारची गावं फुकटात नेतील." ती म्हणायची, "नेऊ देत की. त्यांच्याकडे पण खाडीच आहे. आणि दहाजणांनी वाचलं तर चूक लवकर सापडते." मी म्हणायचो, "चूक न्हायच तर सापडंल काय?" एकदा तर ताटावरून उठलो. रंगूने दोघांनाही झापले, "ह्या राखणीपाई घरातली राखण कोन करनार?"

दिपेशचे म्हणणे वेगळे आणि अगदीच चुकीचे नाही. तो म्हणतो, फुकट दिलेल्या वस्तूला वाली नसतो. यंत्र बिघडले, फोन लागला नाही, तर रात्री-अपरात्री धावणार कोण? त्याने एक कंपनी आणली आहे. ते प्रोग्राम विकत घेतील, माणसे नेमतील, किनारपट्टीच्या गावांना वर्गणीवर देतील. कोड मात्र त्यांचा, कुलूपबंद. करारावर मी सही करावी यासाठी त्याने माझ्या उशाशी पेनसुद्धा ठेवले आहे. या आजारपणात पासवर्डही त्याला द्यावा लागला आहे. म्हणजे मी काही लिहून न ठेवता गेलो तर 'राखण' महिन्याभरात कंपनीकडे जाईल.

करारात एक अट आहे, प्रोग्रामच्या जुन्या सर्व आवृत्त्या नष्ट करून द्याव्यात. ती वाचली तेव्हा मला हायसे वाटले. का वाटले हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही, आणि ते वाटल्याची मला त्याच क्षणी इतकी लाज वाटली की मी वकीलबाईंना फोन लावला.

कलम ६. हे कलम मालमत्तेबद्दल नाही. पण ते या पत्रात नसेल तर बाकीच्या कलमांना काही अर्थ नाही.

२०१९ च्या पावसाळ्यात एका पंधरवड्यात चतुर्दशी लागोपाठ दोन दिवस आली. पंचांगात असे होते, त्याला वृद्धी म्हणतात. जुन्या रिवाजाने पाळीचे घर दोन्ही दिवस जाते. माझ्या प्रोग्रामने पहिल्या चतुर्दशीला सदा हिरू गावंड याचा फोन वाजवला. सदा गेला, त्याने भरती उतरेपर्यंत राखण केली. दुसऱ्या दिवशी प्रोग्रामने पाहिले, चतुर्दशी आहे, चतुर्दशीची पाळी झाल्याची नोंद आहे. झाली म्हणजे झाली. त्याने कोणाचाच फोन वाजवला नाही. त्या दिवशी बांधावर एकही माणूस नव्हता आणि बांधाला खांड पडली. निम्म्या गावाच्या शेतात खारे पाणी शिरले. ही चूक माझी. वृद्धी तिथी मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि लिहिताना विसरलो.

गाव देवळासमोर जमले. येसाजी म्हणाला, "दुसरी चतुर्दशी बी सदाचीच. हा घरी झोपला." सदा म्हणाला, "माझा फोन वाजलाच न्हाय." सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, "वाजला होता. माझ्याकडं नोंद हाय."

असे मी म्हणालो. ते खोटे होते. मी अजून लॅपटॉप उघडूनही पाहिला नव्हता, पण बोलताबोलताच माझ्या लक्षात आले होते की चूक कुठे आहे. सदा माझ्यासमोर आला. आम्ही एका बाकावर शिकलो, एकाच घमेल्याने बांधावर माती टाकली. तो म्हणाला, "अंबा, दाखव नोंद." मी म्हणालो, "प्रोग्रामच्या आतलं कोनाला दाखवत नसतात." कल्पिताला दोन वर्षे जे सांगत होतो तेच वाक्य मी ढालीसारखे पुढे धरले, आणि ते चालून गेले. आत बघण्याची सोय मी कोणालाच ठेवली नव्हती ना!

गावाने सदाशी बोलणे टाकले. कायद्याने तसे करता येत नाही, म्हणून ठराव कोणी लिहिला नाही, पण त्याच्या मुलीच्या हळदीला गावातून एकही बाई गेली नाही. वर्ष संपायच्या आत तो घर बंद करून दिघीला गेला. तिथे फेरीबोटीच्या धक्क्यावर तिकिटे फाडतो. रंगू दर उन्हाळ्यात त्याच्या बायकोला सुकी करंदी आणि पापड पाठवते, माझ्यापासून लपवून. मला ते माहीत होते. मी काही बोललो नाही, याचे मला स्वतःबद्दल बरे वाटायचे. शी!

मी प्रोग्राम चौथ्या दिवशी दुरुस्त केला. दुरुस्तीची नोंद करताना लिहिले, "किरकोळ बदल". तारखेसकट ती ओळ लॅपटॉपमध्ये आहे, तिच्या आधीची चुकीची ओळही आहे. कोड उघडा का करत नाही याची मी पुढे सहा वर्षे शंभर कारणे दिली. सुरक्षा, चोर, फुकटे, दर्जा. त्यातली काही खरीही असतील. माझे कारण ती ओळ होती.

कलम ७. म्हणून माझी इच्छा अशी की 'राखण' कोणालाही विकू नये. कल्पिता ही माझी व्यवस्थापक राहील. तिने संपूर्ण कोड, पहिल्या आवृत्तीपासून शेवटच्या आवृत्तीपर्यंत, "किरकोळ बदल" या नोंदीसकट, सर्वांसाठी खुला करावा. कोणत्याही गावाने तो न्यावा, वापरावा, बदलावा. जो बदलून दुसऱ्याला देईल त्याने आपला बदलही खुला ठेवावा. कंपनीला हवे असेल तर तिनेही घ्यावा, माणसे नेमावीत, सेवेचे पैसे घ्यावेत. कुलूप मात्र लावू नये. दिपेश, तुझा प्रश्न रास्त आहे, वाली कोण? गावातल्या दोन पोरींना कल्पिताने शिकवावे आणि त्यांच्या भाड्याखर्चाची सोय तू करावीस. तेवढे तू बापासाठी करशील असे मी धरून चालतो.

आणि पायरीवर तिथी वाचणे पुन्हा सुरू करावे. फोन वाजू दे, पण माणसांनीही ओरडू दे.

कलम ८. माझ्यामागे बाराव्याला, जेवणाची पाने वाढण्याआधी, कलम ६ देवळासमोर मोठ्याने वाचावे. येसाजीने वाचावे. कल्पिता विचारील, "बाबा, जिवंतपणी का नाही सांगितलंत?" घाबरलो, बाळा. अजून घाबरतो. गाव माझ्याकडे कसे बघेल हे मला बघायचे नाही.

कलम ९. साक्षीदार दोन लागतात. पहिल्या ॲडव्होकेट सुचिता वर्तक. दुसरी जागा मी सदासाठी ठेवली आहे. त्याला या पत्रात काहीही दिलेले नाही. जमिनीचा तुकडा द्यावा असे मनात होते, पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार असू नये असे बाई म्हणाल्या. आणि सदाने तो माझ्या तोंडावर फेकला असता. मी त्याला काल फोन केला. सहा वर्षांत पहिल्यांदा. पहिला फोन त्याने कट केला. दुसऱ्यांदा म्हणाला, "कुठं यायचं ते सांग."

साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. सदाने मात्र प्रत्येक अक्षर वाचल्याशिवाय सही करू नये. त्याने केली नाही तर त्याच्या जागी दुसरा कोणी आणायचा नाही, असे मी वकीलबाईंना बजावले आहे. हा कागद मग रद्दी समजावा. कोड कंपनीकडे जाईल, जुन्या आवृत्त्या पुसल्या जातील, आणि मी खोटा बोललो हे कोणाला कधीच कळणार नाही. ते थांबवायचे की नाही हे मी नाही, सदा ठरवील. तो आत्ता समोर बसला आहे. त्याने चहा घेतलेला नाही.

वरील सर्व मजकूर मी शुद्धीवर राहून, कोणी न सांगता लिहिला. खाली दोघांच्या देखत सही करतो.

(सही) अंबाजी काळूराम मोकल

साक्षीदार १: (सही) ॲड. सुचिता वर्तक, अलिबाग

साक्षीदार २: (सही) सदा हिरू गावंड, हल्ली राहणार दिघी

सहीखाली सदा हिरू गावंड यांच्या हस्ताक्षरात:

वाचलं. दोनदा वाचलं. पहिली चतुर्दशी मी राखली, दुसऱ्या दिवशी फोन वाजला न्हवता, हे तू लिहिलंस, म्हनून सही केली. माफ केलं असं न्हाय. कलम ८ मला मान्य न्हाय. मेल्यावर येसाजीनं वाचायचं न्हाय. उद्या चतुर्दशी हाय. पाळीवाले बांधावर असतील, तिथं तूच वाच, तुझ्या तोंडानं. मी आज दिघीला परत जात न्हाय.

स्थळ: अलिबाग
दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५