आफ्रिकेचा खंड आणि आपला

चि. चंपास विक्रोळीहून ताईचे आशीर्वाद.

मी तुझी सख्खी मोठी बहीण. विसरली असशील म्हणून ओळख करून दिली. तुझा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही जिना चढताना भांडतात नि उतरताना अबोला धरतात. (लिहिणारी माझी नात श्रुतिका. ती म्हणते, टोमणे गाळूया. मी म्हटलं, मग कागद कोराच जाईल.)

तर श्रुतिकाच्या हापिसाने तिला आफ्रिका खंडाचं पुढच्या तीस वर्षांचं राजकारण कल्पायला सांगितलंय. भविष्य नव्हे गो, ते देवळातला भटजीही सांगतो. हिची रीत वेगळी. ज्यांचं उत्तर कुणालाच ठाऊक नाही असे दोन प्रश्न घ्यायचे. तिथले देश एकत्र येतील की फुटतील? सत्ता लोकांकडे जाईल की साहेबांच्या मुठीत राहील? एक उभी रेघ, एक आडवी, झाल्या चार चौकटी, आणि चौकटीगणिक एक गोष्ट. (सगळे एकत्र, पण तोंड उघडायची सोय नाही, ही चौकट मी लगेच ओळखली. माझं सासर.) मग चारही गोष्टींत उपयोगी पडेल असं काय ते शोधून आजच करायला लागायचं.

मला खंड म्हणजे मध्येच पडलेली तूट, एवढंच ठाऊक. परवा कॉम्प्युटरवर तिची मीटिंग चालू, सात साहेब ऐकतायत, आणि मी भाकरी थापता थापता म्हटलं, "अगं, खंड पडला की आधी बघावं, पाडला कोणी." श्रुतिका लालबुंद. पण त्यातल्या एका बाईंनी ते लिहून घेतलं म्हणे.

मग मी आपल्याच खंडाच्या चौकटी आखल्या. तुझ्या प्रीतमच्या लग्नापासून तीन वर्षं आपण बोललो नाही. तू फोन करशील की नाही, मी माघार घेईन की नाही. चार गोष्टी रचल्या, पण प्रत्येकीत मागे तूच उभी. गिरणीचा संप झाला तेव्हाही माझ्यापुढे चारच वाटा होत्या, चारही उपाशी. तू न विचारता माझी दोन पोरं दीड वर्ष गावी सांभाळलीस आणि कधी बोलून दाखवलं नाहीस. मीही कधी बोलले नाही. आज बोलते, ती तुझ्यामुळे वाढली. (श्रुतिका लिहायची थांबलीय. त्यातला एक तिचा बाप.)

तुझी ताई

ता. क. लग्नात तुझ्या सोलकढीला पाणचट म्हटलं, ते चुकलं. म्हणजे पाणचट होतीच, पण तीन वर्षांएवढी नव्हती.

आणखी ता. क. खंड पाडला कोणी, ते मला कळलंय. श्रुतिका फोन लावून देते म्हणते, पण तू आधी केलास तर माझं मोठेपण तेवढं राहील. आणि कोकमाचं आगळ पाठव, दोन बाटल्या. चारही चौकटींत सोलकढी लागतेच. पाणी मी बेताने घालीन.