पलटून पाहिलेला काटा

अब्बा, मी आज आपल्या चंद्रपुरात आहे. ऑफिसच्या कामाने आले, जीपने, आणि लोक मला मॅडम म्हणतात. हसू नका, काम काट्यांचंच आहे. तुम्ही बाजारातले तराजू दुरुस्त करायचात, मी सरकारकडून धर्मकाटे तपासते, भरलेला अख्खा ट्रक तोलणारे. घरी आपण हिंदी बोलायचो, पण दुकानात तुम्ही गिऱ्हाइकांशी मराठी बोलायचात आणि मला रागवायचातही मराठीतच, म्हणून हे मराठीत लिहिते आहे.

सकाळी राजुऱ्याकडच्या एका खाणीवर होते. कोळशाचा ट्रक काट्यावर चढला, वजन बरोबर आलं. काट्यावरचे म्हातारे बाबू सहीसाठी कागद पुढे करत म्हणाले, "झालं ना मॅडम, ऊन कसं तापून राह्यलं पाहा." मी म्हटलं, "ट्रक पलटवा, दुसऱ्या बाजूने चढवा." ड्रायव्हर कुरकुरला, बाबूंनी कपाळाला हात लावला. ट्रक उलटा चढला आणि त्याच ट्रकचं वजन बदललं! काट्याचं एक टोक खोटं बोलत होतं. मी काटा बंद करवला. बाबू आकड्याकडे बघत म्हणाले, "हे ट्रेनिंगमधी शिकवते का?" "तिथेही शिकवतात," मी म्हणाले, "पण मी गोल बाजारात शिकले, वडिलांच्या दुकानात." हे सांगताना मान इतकी ताठ झाली होती की तुम्ही असता तर म्हणाला असता, जरा खाली पाहून चाल.

तुमचा नियमच होता. दुरुस्त झालेला तराजू रिकामा सरळ राहिला तरी दुकानाबाहेर जायचा नाही. एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजन; मग माल तिकडे, वजन इकडे. दोन्ही वेळा दांडी सरळ, तरच तो खरा. "रिकामा काटा सावच दिसते," तुम्ही म्हणायचात, "भरला का पोल खुलते." मी तेरा वर्षांची होते. त्या उन्हाळ्यात परीक्षा संपल्यावर हे शेवटचं तपासणं तुम्ही माझ्यावर सोपवलं होतं, आणि माझा तोरा काही विचारू नका. मोहफुलं घेणाऱ्या एका व्यापाऱ्याचा तराजू माझ्याच हातून गेला.

चार दिवसांनी तो व्यापारी तराजू घेऊन दारात उभा आहे. सोबत जंगलातल्या गावची एक बाई, डोक्यावर मोहफुलांची टोपली. बाई शांतपणे म्हणते, "भाऊ, मी घरून पायलीनं मोजून आणते. एवढ्या मोहाचं वजन किती भरते ते मले ठाऊक हाये. यंदाच कमी काऊन?" तुम्ही तिचीच फुलं पारड्यात घालता, वजनं ठेवता, दांडी सरळ. मग फुलं तिकडे, वजनं इकडे, आणि दांडी झुकते. तुम्ही माझ्याकडे बघता.

"तू पलटून पाह्यलं होतं?"

"हो."

तुम्ही फुलं तिच्या टोपलीत परत ओतता. मग बाईपुढे हात जोडता. "मंग चूक माह्या हातची, बाई. या मानसाची नाई." भर बाजारात, शेजारचे सगळे दुकानदार बघत असताना.

मला वाटलं, आता आपलं दुकानात येणं संपलं. संध्याकाळी तुम्ही तोच तराजू नीट करून माझ्यापुढे ठेवलात. "शेवटचं तूच पाह्य," एवढंच म्हणालात. त्यानंतर एकही काटा मी न पलटता सोडलेला नाही, आजचा धरून.

आजच्या अहवालावर पूर्ण नावाने सही केली. माझ्या नावाला लागून तुमचं नाव आहे, तेही नीट वाचता येईल असं लिहिलं. फार अभिमान वाटला अब्बा, तुमचा जास्त की माझा, ते सांगता येत नाही.

हा कागद टाकायला कुठे पेटी नाही. घडी करून पर्समध्ये ठेवीन. पण एवढं लिहायचंच होतं. त्या व्यापाऱ्याचा तराजू तपासत होते, तेव्हा बाहेर बर्फगोळेवाल्याची घंटी वाजली आणि मी धावले. मी पलटून पाहिलं नव्हतं.